पायांचं खोकं

अच्युतराव पेंढरकरांचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली तरी आहे, आणि तो माझ्या तोंडावर दिसतो हेही मला ठाऊक आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर काम सोपं होतं, एकदा कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ज्याच्याशी भांडायचं तोच आपल्याहून जास्त दुःखात बसलेला असला की भांडण घशातच राहतं. म्हणून हे सगळं एकदा सांगून टाकते.

भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर समोरासमोर होतं. मध्ये एक कडुलिंब. मी सिंधू, मूळची नागपूरची. आमचे हे, सुभाष, कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होते. पेंढरकर पुण्याकडचे, आणि ते टेस्टिंगमध्ये. म्हणजे जे काही तयार होई ते बाहेर पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचं. पास झालं तर हिरव्या रंगाचा ठिपका, नाही तर लाल. आमचे हे सांगायचे, साहेब कितीही तापला, ट्रक गेटाशी कितीही वेळ उभा राहिला, तरी शंका असेल तर पेंढरकर हिरवा ठिपका देत नाही. घरीही तीच तऱ्हा. नवीन कुकर आणला तरी आठवडाभर त्याची शिट्टीच तपासत बसणार. वसुधाताई हसून म्हणायच्या, मला बघायला आले तेव्हा मलाही लाल ठिपकाच मिळणार होता, सासूबाईंनी मधे पडून हिरवा करवला.

वसुधाताई म्हणजे त्यांची बायको. माझ्याहून बरीच मोठी, पण माझ्याशी बरोबरीने वागणारी. टाउनशिपमधल्या मराठी मंडळात त्यांचं नाव होतं ते हलव्यासाठी. संक्रांतीचा काटेरी हलवा बाजारात मिळतो, पण त्याला हलवा म्हणायला माझी जीभ वळत नाही. वसुधाताई तो घरी करायच्या. कोळशाची मंद शेगडी, वर परात, परातीत तीळ नि साबुदाणा, आणि चमचा चमचा पाक घालत बोटांच्या टोकांनी तो हलवत राहायचं. झाऱ्याने नाही, उलथन्याने नाही, बोटांनीच. दाणा दुखावला की काटा मोडतो. आणि काटा यायला थंडी लागते. म्हणून त्या पौषातल्या गारठ्यात, पहाटे, व्हरांड्यात बसायच्या, जाळीतून वारं येईल अशा. मंडळातल्या कुणाच्याही सुनेची पहिली संक्रांत असो, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण असो, हलव्याचे दागिने वसुधाताईंकडूनच यायचे. मुकुट, हार, बाजूबंद, इवलीशी बासरी. एकेक दाणा सुईने ओवलेला.

त्याच बोटांना दृष्ट लागली असं मी म्हणते. डॉक्टर वेगळं म्हणाले.

एका हळदीकुंकवाला त्या मला वाण देत होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. पांढरी. पिठात बुडवून काढल्यासारखी, पहिल्या पेरापासून टोकापर्यंत. मी हात धरला तर गार. थोड्या वेळाने ती निळसर झाली, मग एकदम लाल, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, रक्त परत येतं ना, तेव्हा फार ठणकतं गं. मागे बसलेल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि घरी जाताना हळूच विचारलं, पेंढरकरबाईंना कोड फुटलंय का? मी म्हटलं, कोड असतं तर घटकेत पांढरं नि घटकेत लाल झालं असतं का, डोळे आहेत की बटणं? तेव्हापासून त्या बायका माझ्याशी जपून बोलतात. बरंच झालं.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीत आवळून बसतात आणि टोकांपर्यंत रक्तच पोचत नाही. त्या आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. बोटं गार पडू द्यायची नाहीत. पडत राहिली तर जखमा होतील, त्या भरणार नाहीत, आणि मग टोकं काळी पडतील. काळी पडली की काढावी लागतात. आणि अजून एक, यांना गार-गरम नीट कळणार नाही, तेव्हा शेक देताना भाजणार नाही याची काळजी घ्या. बाहेरच्या देशांत बॅटरीवर तापणारे हातमोजे नि बूट मिळतात, तसं काही मिळालं तर बघा, म्हणाले.

ही शेवटची दोन वाक्यं अच्युतरावांनी मनात धरली. तिथूनच सगळं सुरू झालं.

घरी आल्यावर मी म्हटलं, सुचेताला सांगा, ती मागवेल. सुचेता त्यांची एकुलती एक लेक, बंगळुरूला, नवरा कंपनीच्या कामाने परदेशी जाऊन-येऊन. अच्युतराव माझ्याकडे असं बघायला लागले जणू मी त्यांना भीक मागायला सांगितलंय. म्हणाले, ज्या हातांनी अख्ख्या देशाची मशिनं तपासली त्या हातांना बायकोचा एक हातमोजा जमणार नाही का? हे मला तेव्हा आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या नवऱ्याला घरातला फ्यूज बांधता येत नाही. मला वाटलं, पाहा, नवरा असावा तर असा.

सुरुवात पायांपासून झाली. पायांचीही बोटं पांढरी पडत होती, करंगळीपाशी एक फोड आला होता. त्या रविवारी अच्युतरावांनी कसलंसं लाकडी पॅकिंगचं खोकं आणलं, एका बाजूने कापलं, आत साठ-साठचे दोन बल्ब बसवले, त्यांच्यावर जाळी ठोकली, जाळीवर जुन्या रजईचा तुकडा अंथरला आणि पुढच्या तोंडाला पडदा लावला. वसुधाताईंनी खुर्चीत बसून त्यात पाय घातले. दुपारच्या चहाला मी गेले तेव्हा त्यांचे पाय गुलाबी झाले होते आणि त्या खुर्चीतच पेंगत होत्या. फोड महिन्याभरात बरा झाला. त्यानंतर त्यांच्या पायांना कधी काही झालं नाही, हे लक्षात ठेवा.

पण अच्युतरावांना त्या खोक्याची लाज वाटायची. कोंबडीची पिल्लं ठेवायची पेटी आहे ती, म्हणायचे. कुणी आलं की टेबलाखाली सरकवायचे. हे तात्पुरतं, खरी वस्तू अजून व्हायची आहे. त्यावर ठिपका लावला का म्हणून मी चिडवलं तर म्हणाले, ती टेस्टिंगला आणण्याच्या लायकीचीच नाही.

मग हातमोजे. आता नमनाला घडाभर तेल कसं जातं ते बघा. तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या स्टॉलवरून लोकरीचे मोजे आणले, ते जाड निघाले. अशोका गार्डनमधल्या दुकानांतून दुसरे आणले, ते पातळ. गोविंदपुऱ्यात ओळखीची वर्कशॉपं होती, तिथून केसासारखी बारीक तार आली. वसुधाताईंचा पंजा कागदावर ठेवून त्यांनी एकेका बोटाची रेघ ओढून घेतली. पहिली जोडी तयार झाली, त्यांनी स्वतःच्या हातात घालून पाहिली, आणि एका बोटाशी जास्त तापते म्हणून उसवली. दुसरी जोडी मनगटाशी कमी तापली. उसवली. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांचा पसारा चाले, आणि वसुधाताई स्वयंपाकघरात ओट्यापाशी ताट घेऊन उभ्याने जेवायच्या. गार हातांनी.

मी एकदा म्हटलं, हातांसाठीही एक खोकंच करा ना. तर म्हणाले, खोक्यात हात घालून बसली तर ती दिवसभर करणार काय? हातांना काम असतं. मग मी वसुधाताईंना म्हटलं, तुम्ही आपले हात पायांच्याच खोक्यात घालत जा मधूनमधून. त्या केवढ्या दचकल्या. म्हणाल्या, अगं, पायांचं खोकं ते. ज्यात पाय घालायचे त्यात हात घालून, त्याच हातांनी देवाला हळदकुंकू वाहू? नैवेद्याचा भात लावू? माझ्या आईने ऐकलं असतं तर! मीही पुढे बोलले नाही. आमच्याकडेही पायपुसण्याला हात लागला तर हात धुतात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण तेव्हा कुणाला कळसा दिसतोय.

दुसऱ्या हिवाळ्यात सुचेतानेच नवऱ्याकरवी परदेशातून हातमोजे आणवले आणि दिवाळीला येताना घेऊन आली. काळे, हलके, मनगटाशी चपटी बॅटरी. वसुधाताईंनी ते घातले आणि बटण दाबलं. थोड्याच वेळात त्यांनी एक मोजा काढून मला बोटं दाखवली. गुलाबी होती, लहान बाळाची असावीत तशी. त्या संध्याकाळभर त्या ते घालून फिरल्या. आमच्याकडे आल्या, शेजारच्या मालतीबाईंकडे गेल्या, मंडळाच्या हॉलवरही जाऊन आल्या. बाईच्या अंगात उत्साह मावत नव्हता. मी त्यांना इतकं खूश फार क्वचित पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा परत द्यायला गेले, तर तेच हातमोजे जेवायच्या टेबलावर उसवून पसरलेले. अस्तर एकीकडे, तार एकीकडे, बॅटरी उघडी. अच्युतराव चष्मा कपाळावर चढवून भिंग घेऊन बसलेले.  ते मला समजावून सांगायला लागले. यात कटआउटच नाही. इस्त्रीत असतं ना, जास्त तापली की वीज बंद, गार झाली की परत चालू, तसं काही यात नाही. सांधा कच्चा आहे. अच्युतरावांनी रात्री ते चालू करून रजईत गुंडाळून ठेवले होते, टेस्ट म्हणून. रजईच्या अस्तरावर तपकिरी डाग पडला होता. तो डाग मला दाखवून म्हणाले, हिला कळणारही नाही, बोट भाजून निघेल. हे मी पास करणार नाही.

"तुम्हाला पास करायला सांगितलं कुणी?" मी म्हटलं.

त्यांनी भिंग परत तारेवर धरलं. आतून वसुधाताई म्हणाल्या, सिंधू, जाऊ दे, ते बरोबरच बोलताहेत. सुचेता दुपारी रडली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

घरी येऊन मी नवऱ्यापाशी तणतण केली, तेव्हा ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली. भोपाळला येण्याआधी, अगदी तरुणपणी, अच्युतराव पुण्यात एका लहानशा वर्कशॉपमध्ये होते. तिथे त्यांनी घाईत एक स्विच पास केला होता, मालक मागे उभा राहून ओरडत होता म्हणून. त्या स्विचने एका माणसाचे दोन्ही तळवे जळाले. हे त्यांनी आयुष्यात एकदाच, ट्रेनमध्ये, आमच्या ह्यांना सांगितलं होतं. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते खरंच आहे. मला तेव्हा वाईट वाटलं. पण दूध पिऊन भाजलं त्याचं तोंड, आणि ताकावाचून राहिली दुसरीच, याचं काय करायचं?

ते मोजे परत जोडायचेच होते, फक्त आधी चांगलं कटआउट मिळायला हवं होतं. ते मिळेना. मिळालं ते मोठं होतं. मग मिळालं ते उशिरा बंद व्हायचं. तोपर्यंत उन्हाळा आला. भोपाळच्या उन्हाळ्यात कोण हातमोज्यांचं बोलणार? त्यांना वाटलं, वेळ आहे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या आधी सुचेताला मुलगा झाला. त्याचं बोरन्हाण भोपाळला करायचं ठरलं, आजीच्या घरी, आजीच्या हातच्या हलव्याचे दागिने घालून. वसुधाताईंना कुणी अडवू शकलं नाही. मी म्हटलं, यंदा बाजारातला आणू, मी ओवते. त्या म्हणाल्या, आख्ख्या टाउनशिपच्या पोरांना मी मुकुट घातले, नि माझ्या नातवाला बाजारातला? अच्युतरावांनीही अडवलं नाही. उलट म्हणाले, यंदा मोजे तयार होताहेत, बोटांचं टोक तेवढं उघडं ठेवतो म्हणजे हलवा हलवता येईल. त्या महिनाभर ते टेबलापाशी आणि ह्या व्हरांड्यात. दोघांच्या मधे एक दार, तेही गारठा आत येऊ नये म्हणून लावलेलं.

मोजे झाले नाहीत. हलवा झाला. तसा काटा मी त्याआधी पाहिला नाही नि नंतरही नाही. बोटांना परातीची ऊब लागतेय, तेवढाच शेक मिळतोय, असं सगळ्यांना वाटत होतं. पण परात थोडी कोमट नि वारं गार, आणि वसुधाताईंना दोन्हीतलं काहीच कळत नव्हतं. दागिने ओवताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटात सुई घुसली. ती घुसली हेही त्यांना दाण्यांवरचं लाल पाहून कळलं. ते दाणे त्यांनी टाकून दिले, बोटाला चिंधी बांधली आणि पुढे ओवत बसल्या. बोरन्हाणाला त्यांनी काळी साडी नेसली होती आणि चिंधी पदराखाली होती. मुलगा मुकुटात गोड दिसत होता, बोरं अंगावर पडली की खुदखुदायचा. सगळ्यांनी फोटो काढले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि चिंधी सोडून दाखवली. मी बाहेर येऊन कडुलिंबाला हात टेकून उभी राहिले. त्या बोटाचं टोक काळं होतं, आणि शेजारचं मधलं बोटही पेरापर्यंत काळवंडलेलं. वास येत होता. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाल्या, बोरन्हाण होऊन जाऊ दे म्हटलं, त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी शेगडीच विझवली असती.

दवाखान्यात डॉक्टरांनी वाचवायची खटपट केली. पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं. ज्यांनी हलवा हलवायचा, सुई धरायची, कुंकू लावायचं, तीच दोन. अच्युतराव ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात तो जुना कागद होता, पंजाची रेघ ओढलेला. का बरोबर आणला होता कोण जाणे. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. सुचेताही बोलली नाही.

त्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं आणि कोलार रोडला त्यांनी फ्लॅट घेतला. आमचंही तिकडेच घेऊन झालं होतं, दोन बिल्डिंग सोडून. सामान हलवताना मला वाटलं होतं, आता तो हातमोज्यांचा पसारा फेकून देतील. पण तो पसाराच सगळ्यात आधी टेम्पोत चढला. नव्या घरातही टेबल तसंच अडलं. आता तर दिवसभर वेळ होता. वसुधाताई डाव्या हाताने कुंकू लावायला शिकल्या, डाव्या हाताने पोळी लाटायला शिकल्या. उरलेली बोटं थंडीत पांढरी पडतच होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे हिवाळा जपून काढा, अजून तीन बोटं आहेत त्या हातावर आणि पाच दुसऱ्यावर.

आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी मोजे पास झाले.

वरातीमागून घोडं म्हणतात, ते असं सजून आलं. वसुधाताईंनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. टेबल पुसलेलं होतं, वर धुतलेला टेबलक्लॉथ, आणि त्यावर करड्या लोकरीची जोडी. काय सुबक काम होतं ते, नाव ठेवायला जागा नव्हती. आत मऊ अस्तर, तार कुठे आहे ते हाताला कळत नव्हतं, मनगटाशी लाल दिवा. कटआउट चवळीच्या दाण्याएवढं, प्रत्येक मोज्यात अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला शिवलेलं, कारण वसुधाताईंचं ते बोट सगळ्यात आधी पांढरं पडायचं. अच्युतरावांनी आठवडाभर स्वतःच्या हातात घालून, झोपून, रजईत गुंडाळून, सगळ्या टेस्ट केल्या होत्या. कुठे जास्त तापत नव्हते, कुठे कमी नव्हते. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, बारीक ब्रशने, हिरवा ठिपका.

वसुधाताईंनी ते घातले. बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्या म्हणाल्या, छान ऊब येतेय हो. अच्युतरावांचा चेहरा, काय सांगू. त्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ते आत चहा टाकायला गेले. रिटायर झाल्यापासून चहा तेच करायचे.

मी वसुधाताईंशेजारी बसले होते. उजव्या मोज्यातली दोन बोटं रिकामी, लुळी पडलेली. मी सहज तो हात हातात घेतला. बघते तर रिकामं बोट गरम. आणि दिवा विझलेला. मी मोज्यात माझं बोट सरकवून त्यांची करंगळी चाचपली. गार. परत थोड्या वेळाने दिवा लागला, रिकामं बोट गरम झालं, आणि दिवा लगेच विझला. मला आधी काही उमजेना, मग उमजलं आणि माझं डोकंच फिरलं. ते कटआउट त्या बोटात होतं. बोट नव्हतं, म्हणून ती पोकळ लोकर चटकन तापायची, आणि कटआउटला वाटायचं, हात तापला, बंद करा. आठवडाभर त्यांनी स्वतःच्या पाच बोटांच्या पंजावर टेस्ट केली होती. माप त्या जुन्या कागदाचं होतं.

मी उठायला लागले तर वसुधाताईंनी डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला.

"सांगू नकोस सिंधू," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी त्यांनी काहीतरी पास केलंय."

म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या आधी कळलं होतं, दिवा पहिल्यांदा विझला तेव्हाच. आणि त्या तशाच गार हाताने बसून राहणार होत्या, सगळा हिवाळा, नवऱ्याचा हिरवा ठिपका राखायला, आणि अजून एक बोट काळं पडलं असतं तरी पदराखाली लपवणार होत्या. बाप्पा, असल्या मायेला काय म्हणायचं? मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. खूप आला. मी कुणाचं गुपित राखणाऱ्यातली नाही, आणि यासाठी तर नाहीच.

अच्युतराव चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही. तो हात त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, इथे हात लावून बघा, आणि मग इथे. त्यांनी आधी रिकामं बोट धरलं. मग मोजा काढून बायकोची करंगळी धरली. बराच वेळ धरून राहिले. ती पांढरी होती. चहा गार झाला, कुणी घेतला नाही.

मला वाटलं, आता हे परत भिंग आणतील, परत टेबलावर वर्तमानपत्र पसरतील, परत उसवतील, आणि मी तयारच होते. या वेळी मी टेबलच उलटं केलं असतं. पण ते खाली वाकले आणि टेबलाखालून ते पायांचं खोकं ओढून बाहेर काढलं. त्याचा पडदा आता विटला होता. ते त्यांनी उचलून टेबलावर ठेवलं, त्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर, आणि स्विच लावला.

वसुधाताई म्हणाल्या, अहो, पायांचं आहे ते.

"असू दे," ते म्हणाले. "घाल हात."

त्या घालेनात. तेव्हा अच्युतरावांनीच त्यांची दोन्ही मनगटं धरून हात आत नेले, लहान मुलाचे धरून न्यावेत तसे, आणि पडदा सोडला. आम्ही तिघं बसून राहिलो. कितीतरी वेळाने वसुधाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अच्युतरावांनी विचारलं, भाजतंय का? त्या म्हणाल्या, नाही, रक्त येतंय. त्यांनी हात बाहेर काढून पाहिले. आठही बोटं लाल होती.

तेव्हापासून हिवाळाभर त्या रोज खोक्यात हात घालून बसतात, सकाळी नि संध्याकाळी. आधी देवपूजा करून घेतात, मग हात घालतात, तेवढा त्यांनी नियम ठेवलाय. मटार सोलणं, भाजी निवडणं, सगळं अच्युतराव करतात, समोर बसून, एकेक दाणा तपासत. हलवा आता कुणी करत नाही. ते करडे मोजे कपाटात आहेत, मनगटावरचा ठिपका त्यांनी ब्लेडने खरवडून काढलाय, त्या जागी लोकर थोडी झडली आहे. बल्ब मधे एकदा गेला, तेव्हा रात्री दुकानं बंद व्हायच्या आत ते पळत जाऊन नवा घेऊन आले आणि न तपासता बसवला. मला हे वसुधाताईंनी कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, छान. अजून काय म्हणणार.